पत्रा, स्लॅब की धाबे? डोक्यावरच्या छपराचा हिशेब

होळी जळाली अन् थंडी पळाली, असे आपल्याकडे म्हणतात. पण थंडी पळाली की तिच्या जागी कोण येऊन बसते, हे ज्याच्या डोक्यावर पत्रा आहे त्याला विचारावे. चैत्र निम्मा सरला की दुपारी बारानंतर पत्र्याच्या घरात माणूस टिकत नाही. म्हातारी माणसे लिंबाखाली बाज टाकतात, लेकरं देवळाच्या सभामंडपात पळतात. बाया मात्र चुलीपुढेच असतात. वर तापलेला पत्रा, पुढे जाळ. पैठण, गंगापूर, वैजापूरचे माळरान असो की सिल्लोड, कन्नड, सोयगावचा डोंगराकडचा भाग असो, मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जाणे नेहमीचेच झाले आहे. ४२-४३ अंश झाले तरी आता कोणी नवल करीत नाही.

'घर पाहावे बांधून' ही म्हण खरीच. घर माणूस आयुष्यात एकदा बांधतो. पण बांधताना पाया किती, भिंत किती, दाराला लाकूड कोणते याचा जेवढा काथ्याकूट होतो तेवढा छपराचा होत नाही. हातात पैसे उरले तर स्लॅब, नाही उरले तर पत्रा, एवढाच विचार. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून सुरू आहे. तिच्यात घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांच्या आसपास असावे लागते आणि सपाट भागात केंद्र-राज्य मिळून १ लाख २० हजारांचे अनुदान ठरलेले आहे. तेवढ्यात पाया-भिंती होईतो हात टेकतात आणि छपराच्या वेळी जे स्वस्त ते वर चढते. मग त्याच छपराखाली तीस-चाळीस उन्हाळे काढावे लागतात. म्हणून आज छपराचाच हिशेब मांडू.

धाब्याचा गारवा कोठून येत होता?

आपल्या मराठवाड्याचे जुने घर म्हणजे माळवदाचे, धाब्याचे घर. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे दाटून बसवलेली, त्यावर पाला-काटक्या आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. घर किती मोठे हे खणांवर मोजायचे. उजेडाला वर एखादे साणे ठेवायचे, पाण्याला पन्हळ काढायची. भर उन्हाळ्यात अशा घरात शिरले की अंगावरचा घाम सुकायचा.

यात जादू काही नाही. मातीचा जाड थर ऊन हळूहळू पितो. दुपारचे ऊन मातीतून खाली उतरेपर्यंत रात्र होते आणि तोवर वरची बाजू थंड हवेत निवायला लागलेली असते. दिवसाची धग आणि रात्रीचा गारवा यांची मातीच्या पोटातच गाठ पडते, घरात दोन्हींचा झटका येत नाही. वेरूळच्या लेण्यात उन्हाळ्यात जो गारवा लागतो तो याच कारणाने. तिथे मातीऐवजी खडक आहे, एवढाच फरक.

जुन्या लोकांना हे पुरते कळत होते. शहरातली पाणचक्की पाहायला आपण सगळे जातो, हौद आणि धबधबा पाहून परत येतो. त्या मोठ्या हौदाच्या खाली खांबांवर उभा असलेला एक प्रशस्त दालनाचा भाग आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हौदाचा तळ म्हणजेच त्या दालनाचे छप्पर. डोक्यावर पाणी, खाली सावली. उन्हाळ्यात विसावा घेण्यासाठी याहून चांगली जागा कोणती?

किल्लारीने शिकवलेला धडा

मग धाबे सोडले कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेने दिले आहे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर हादरला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावेच्या गावे ढिगारा झाली. हजारो माणसे झोपेतच गेली. दगड-मातीच्या जाड भिंती ढासळल्या आणि डोक्यावरचे मातीचे ओझे माणसांवर आले.

हे ओझे एवढे कसे झाले, हे समजून घेतले पाहिजे. धाबे झडीच्या पावसात गळते. म्हणून दरसाल मृगाच्या आधी वर नवी माती टाकायची रीत. नवी माती पडायची, पण जुनी कोणी काढायचे नाही. आज्याने टाकली, बापाने टाकली, लेकाने टाकली. होता होता थर दीड-दोन फुटांचा झाला, कुठे त्याहूनही जास्त. आता हिशेब करा. १०० चौरस फुटांवर एक फूट माती म्हणजे एक ब्रास माती, तिचे वजन ४ ते ५ टन. अडीचशे चौरस फुटांच्या घरावर दोन फूट माती असेल तर पाच ब्रास, म्हणजे २० टनांच्या वर ओझे झाले. दोन भरलेल्या ट्रकांखाली आपण लेकरंबाळं घेऊन निजत होतो.

भूकंपानंतर लोकांनी धसका घेतला. गावोगाव माती उतरली आणि पत्रे चढले. ते चुकले असे कोण म्हणेल? २५ चौरस मीटरच्या घरावरचे लोखंडी पत्रे वजनाला दोन क्विंटलही भरत नाहीत. तेवढ्याच घराचा पाच इंची स्लॅब सात-आठ टनांचा होतो, पण तो बीम-कॉलमशी नीट बांधलेला असेल तर धाब्यासारखा कोसळत नाही. जीव वाचवायचा तर छप्पर हलके तरी हवे, नाही तर नीट बांधलेले हवे. हा धडा विसरता कामा नये.

मात्र त्या धड्याची दुसरी बाजू उन्हाळ्याने दाखवली. भूकंप कधी तरी होतो, उन्हाळा दरसाल येतो. धाबे गेले तसा गारवाही गेला. आता प्रश्न असा की, ओझे न वाढवता गारवा कसा आणायचा?

आपल्या छपरावर ऊन पडते तरी किती?

भर दुपारी स्वच्छ आकाशातून एका चौरस मीटरवर साधारण एक हजार वॉट एवढे ऊन पडते. १०० चौरस फूट छपरावर नऊ हजार वॉट झाले. म्हणजे एक हजार वॉटच्या नऊ विजेच्या शेगड्या छपरावर पेटवून ठेवल्यासारखे. काळपट पडलेला जुना स्लॅब यातल्या सहाहून अधिक शेगड्यांची धग पिऊन घेतो. तोच स्लॅब पांढऱ्याशुभ्र चुन्याने रंगवला तर दोन-अडीच शेगड्यांचीच धग आत जाते, बाकी ऊन आल्या वाटेने परत जाते. रंगाचा फरक एवढा मोठा आहे.

चांगल्या छपराने तीन कामे केली पाहिजेत. एक, ऊन परत फेकणे. दोन, जे आत शिरले ते खाली उतरू न देणे. तीन, रात्री लवकर निवणे. धाबे दुसरे काम करीत होते. पत्रा फक्त तिसरे करतो. स्लॅब आहे तसा सोडला तर एकही धड करीत नाही.

पत्र्याचे घर

पत्र्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. नवा चकचकीत पत्रा ऊन परत फेकतो, म्हणून तो गार राहतो असे वाटते. ऊन तो बऱ्यापैकी परत फेकतो हे खरे, पण जी धग घेतो ती चकचकीत धातूला पुन्हा बाहेर टाकता येत नाही. त्यामुळे तो तापतच जातो. पुढे धूळ बसून, गंजून त्याची चमक जाते आणि दुपारी तो ६० अंशांच्या वर पोचतो. पापडही भाजून निघावा अशी गत. अशा पत्र्याखाली बसले की हवा जेवढी तापलेली असते त्याहून अधिक धग थेट डोक्यावर येते. पंखा लावला तर वरची गरम हवाच खाली येते.

ज्यांच्या घरावर पत्रा आहे त्यांनी तो काढून टाकायची गरज नाही. पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट, पत्रा पांढरा करावा. पत्र्यावर चुना मारू नये. चुना टिकत नाही आणि पत्र्याच्या जस्तालाही तो खातो. पत्रा घासून, धुऊन, जस्ती पत्र्याला चालणारा प्रायमर द्यावा आणि वर ऊन परत फेकणारा पांढरा रंग द्यावा. साधा ऑइलपेंट थेट जस्तावर दिला तर पोपडे सुटतात. नवा रंगीत पत्रा घ्यायचा असेल तर गडद निळा, लाल, हिरवा न घेता पांढरा किंवा मळकट पांढरा मागावा.

दुसरी गोष्ट, पत्र्याखाली दुसरे छत करावे. बांबूच्या तट्ट्या, चटया, फळ्या, जे मिळेल ते चालेल. पत्रा आणि छत यात निदान वीतभर तरी पोकळी ठेवावी आणि ती दोन्ही टोकांना उघडी ठेवावी. कोंडलेली गरम हवा वारा घेऊन जातो. टोके बंद केली तर निम्मा फायदा गेला. उंदीर-साप शिरू नये म्हणून टोकांना बारीक जाळी मारावी. पत्र्याखाली लावायची चांदीसारखी चकचकीत शीट बाजारात मिळते, तीही उपयोगी पडते. पण तिच्या चमकणाऱ्या बाजूसमोर पोकळी हवी, पत्र्याला चिकटवून टाकली तर काम भागत नाही. थर्माकोल मात्र चुलीच्या घरात अजिबात नको. तो भडकन पेटतो.

तिसरी गोष्ट उंचीची. नवे घर असेल तर पत्रा खालच्या बाजूलाही दहा फुटांच्या खाली ठेवू नये. समोरासमोरच्या भिंतींना वर झरोके ठेवावेत.

आणि चौथी, पत्र्यावर दगड ठेवणे सोडून द्यावे. वळवाच्या वावटळीत दगडासकट पत्रा उडतो आणि तो ज्याच्या अंगावर पडतो त्याचे काय होते हे सांगायला नको. जे-हूक, वॉशर लावून पत्रा पाइपाशी आवळावा. कडेच्या ओळीत हूक जवळजवळ असावेत, कारण वारा कडेलाच हात घालतो.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल दोन शब्द. तो लोखंडी पत्र्यापेक्षा थोडा कमी तापतो, पण काळा पडला की तोही ऊन पितो. जुन्या सिमेंट पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते फुप्फुसाला घातक आहेत. असा पत्रा घरच्या घरी कापू नये, घासू नये, भोके पाडू नयेत. फुटलेले तुकडे अंगणात पसरू देऊ नयेत.

स्लॅबचे घर

स्लॅब पडला की माणूस सुटकेचा श्वास सोडतो. पण स्लॅबची गंमत अशी की, दुपारी घेतलेली धग तो चार-पाच तासांनी खाली सोडतो. दिवसा बरे वाटते आणि रात्री आठ-नऊला, निजायच्या वेळी, छत भट्टीसारखे तापलेले असते. भिंतीला हात लावावा तर गरम. म्हणून लोक गच्चीवर नाही तर अंगणात निजतात. तान्हे लेकरू असलेली बाळंतीण, अंथरुणाला खिळलेला म्हातारा यांनी कुठे जायचे? उष्णतेच्या लाटेत दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रीही निवायला मिळाले नाही, तर तेच जिवावर बेतते.

स्लॅबवरचा सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे चुना. यात नवे काही नाही, भिंतीला आपण दिवाळीला देतोच. तो उन्हाळ्याच्या तोंडी गच्चीला द्यायचा, एवढेच. गच्ची झाडून, शेवाळ खरवडून, धुऊन घ्यावी. भेगा आधी बुजवाव्यात. कळीचा चुना भिजवून, पुरता निवल्यावर गाळून घ्यावा. पकड यावी म्हणून त्यात पांढरा सिमेंट आणि थोडे चिकटद्रव मिसळावे. संध्याकाळच्या वेळी दोन हात मारावेत, पहिला वाळल्यावर दुसरा. चुना भिजवताना उकळून उडतो. लेकरांना जवळ येऊ देऊ नये, डोळे जपावेत, हाताला फडके बांधावे. पावसाळ्याने आणि धुळीने चुना जातो, तेव्हा दरसाल होळीनंतर हे काम करावे लागेल. अंगमेहनत घरची असेल तर खर्च चुन्यापुरताच.

ज्यांना एकदाच करून मोकळे व्हायचे आहे त्यांनी गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवावेत. गळतीही थांबते आणि ऊनही परतते. मात्र कोब्याचे वजन असते. स्लॅब जुना असेल, सळई उघडी पडली असेल, तर आधी अभियंत्याला दाखवावे. धाब्याची सवय म्हणून स्लॅबवर माती पसरणारे लोक आहेत. ते करू नये. ज्या ओझ्यापासून सुटलो तेच पुन्हा डोक्यावर घेऊ नये.

गच्चीवर पाणी मारण्याचा उपाय पुष्कळ जण करतात. घटकाभर बरे वाटते, पण ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे पाणी छपरावर ओतणे परवडणारे नाही. त्यापेक्षा सावली करावी. तुराट्यांचा, पऱ्हाट्यांचा मांडव किंवा शेडनेट स्लॅबपासून दोन-तीन फूट वर बांधले तर ऊन स्लॅबला शिवतच नाही. २०२४ पासून घरावरच्या सौर पॅनेलसाठी प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. पॅनेल स्लॅबपासून उंचावर बसवले तर वीज मिळते आणि खाली सावलीही पडते. एका कामात दोन कामे.

नवे घर बांधणाऱ्यांसाठी

मंगलोरी कौल आपल्याकडे मागे पडले. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथून हे कौल देशभर गेले. कौलांच्या फटीतून गरम हवा निघून जाते, भाजलेली माती पत्र्यासारखी तापत नाही आणि वजनही धाब्याच्या कितीतरी पटीने कमी. अडचण दोन. लाकूड महाग झाले, त्याला लोखंडी पाइपाचा सांगाडा हा पर्याय आहे. आणि डोंगराकडच्या गावांत माकडे कौले फोडतात, त्याला अजून धड इलाज नाही. ज्या गावात माकडांचा त्रास नाही तिथे कौलांचा विचार जरूर करावा.

दुसरा पर्याय कौले भरलेल्या स्लॅबचा. केरळात लॉरी बेकर यांनी तो रुजवला. स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट ताण घेत नाही, ताण सळई घेते. तेव्हा सळयांच्या चौकटीत मधोमध काँक्रीटऐवजी जुनी कौले घालायची. काँक्रीट वाचते, वजन घटते आणि दोन कौलांमधली पोकळी धग अडवते. पण हे काम शिकलेल्या गवंड्याकडून, अभियंत्याच्या नकाशावरच करावे. अंदाजाने करू नये.

आणि ज्यांचे जुने धाबे अजून उभे आहे त्यांनी? ते लगेच पाडायची घाई नको, पण आंधळेपणाने त्याखाली निजूही नये. वरची फाजील माती उतरवावी, सहा-आठ इंचांचा थर ठेवावा. गळतीला नवी माती न चढवता जुनी काढून तेवढीच घालावी. तुळयांना वाळवी आहे का, भिंतीला फुगवटा आहे का, हे जाणत्याकडून पाहून घ्यावे.

गोठा आणि कांदाचाळ

छपराचा हिशेब माणसापुरता नाही. संकरित गाय उन्हाला गावरान गाईपेक्षा लवकर हार जाते. ती धापा टाकू लागली, चारा कमी खाऊ लागली की दूध उतरते. गोठ्याच्या पत्र्यावर उसाचे पाचट किंवा वाळके गवत वीतभर थर लावून दोरीने बांधावे. आगीपासून मात्र जपावे. दोडका-भोपळ्याचा वेल चढवला तरी चालतो. पश्चिमेला लिंब नाही तर शेवरी लावावी, कारण दुपारनंतरचे तिरपे ऊन तिकडूनच आत येते.

वैजापूर, गंगापूर, कन्नडकडच्या कांदा उत्पादकांनी चाळीला लोखंडी पत्रा टाळावा. पत्र्याखालची धग कांद्याचे वजन घटवते आणि सडही वाढवते. सिमेंटचा पत्रा किंवा कौल, वर पांढरा रंग आणि छपराचा पुढे आलेला भाग मोठा, एवढे पथ्य पाळले तर भाव येईपर्यंत माल टिकवण्याची शक्यता वाढते.

ग्रामपंचायतीने काय करावे?

अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्णतेने फार माणसे गेली. त्यानंतर तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. पांढऱ्या छपराखाली घरातला पारा २ ते ५ अंशांनी उतरतो, असा या उपक्रमांचा अनुभव सांगतात. हे शहरात होते, मग गावात का होऊ नये?

सरपंच, ग्रामसेवक यांनी सुरुवात आपल्या इमारतींपासून करावी. जिल्हा परिषदेची शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र यांच्या गच्चीवर दरसाल चुना देण्याचे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात धरावे. घरकुलाच्या लाभार्थ्याला छपराच्या हप्त्याआधी बसवून पत्र्याची उंची, दुसरे छत, पांढरा रंग या तीन गोष्टी समजावून सांगाव्यात. नकाशावर सही करताना झरोका आहे का, एवढे तरी पाहावे.

कोणाचा विश्वास बसत नसेल तर शाळेच्या पोरांकडून प्रयोग करवून घ्यावा. एकसारख्या दोन खोल्या घ्याव्यात, एकीच्या गच्चीला चुना द्यावा, दुसरी तशीच ठेवावी. दोन्हीत एकेक तापमापी टांगावी. दुपारी तीनला आणि रात्री नऊला आकडा फळ्यावर लिहावा. आठ दिवसांत गावाला उत्तर मिळेल, भाषणाची गरज पडणार नाही.

धाबे गार होते पण जड होते. पत्रा हलका आहे पण तापतो. या दोहोंतून वाट काढायला फार पैसा लागतो असे नाही. दोन हात चुना, वीतभर पोकळी आणि पश्चिमेला एक लिंब. चुन्याचे काम होळी ते पाडवा या पंधरवड्यात उरकावे, छत आणि मांडव चैत्रात, आणि पत्र्याचे हूक वळवाच्या आधी आवळून घ्यावेत. लिंबाचे रोप मात्र मृगात लावायचे. त्याची सावली आपल्याला नाही तर नातवाला तरी मिळेल.